वेगाचं करायचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मडगावच्या फातोर्डा मैदानावर चौदाव्या मिनिटालाच लालियानझुआला छांगतेने डीच्या बाहेरून डाव्या पायाने असा काही फटका हाणला की सिंगापूरच्या गोलरक्षकाला बघत राहण्यापलीकडे काही उरलं नाही. भारत १-०. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत इतका वेळ अडखळत आलेली गाडी आता रुळावर आली, असं वाटायला जागा होती. मध्यंतराला एकच मिनिट बाकी असताना सोंग उई-यंगने बरोबरी केली, ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला आणि सामना १-२ असा संपला. क्रमवारीत आपल्यापेक्षा खाली असलेल्या संघाकडून, आपल्याच घरात. २०२७ च्या सौदी अरेबियातल्या स्पर्धेचं दार तिथेच बंद झालं.

पराभव झाला की चाहत्यांना एक माणूस लागतो. गोलरक्षक सापडला तर उत्तम, नाहीतर प्रशिक्षक. या वेळी मात्र वाद बराच काळ छांगतेभोवती घुटमळत राहिला, आणि गोल करणाऱ्याच खेळाडूवर हरल्याचं बिल फाटावं, ही गोष्ट वरकरणी विचित्र वाटते. एका गटाचं म्हणणं सरळ होतं: गोल त्यानेच केला, मग बाकीच्या दहांना विचारा. दुसऱ्यांना तो गोल सोडून उरलेल्या वेळात तो कुठे होता याचा हिशोब हवा होता. कुणी म्हणे त्याला टचलाइनला चिकटवून ठेवा, क्रॉस टाकू द्या. कुणी म्हणे मधे आणा, सुनील छेत्रीनंतर गोल करणारा दुसरा आहे कोण? साठाव्या मिनिटानंतर दमलेल्या बचावफळीवर सोडा, असं सांगणारेही होते. आणि ‘पुढे पळतो तसा मागे पळतो का?’ हा सवाल तर प्रत्येक वेगवान विंगरच्या नशिबी लिहिलेलाच असतो.

हे सगळे प्रश्न खरे आहेत, पण ते एकट्या छांगतेचे नाहीत. वेगवान विंगरचं काय करायचं, हे कोडं फुटबॉलला फार जुनं आहे आणि भारतीय फुटबॉलला तर ते जन्माला पुरलेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याला ‘कुठे’ खेळवायचं यावर आपण जितका घसा कोरडा करतो, तितका तो प्रश्न महत्त्वाचा नाही. वेगाला तीन गोष्टी लागतात. प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीमागे मोकळं गवत लागतं, चेंडू मिळताच मान वर करून लगेच पास देणारा माणूस मधल्या फळीत लागतो, आणि विंगर कडेने सुटला की डीमध्ये पोचलेलं कुणीतरी लागतं. यातलं एकही नसेल तर जगातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ जाऊन परत फिरतो.

छांगतेचीच कारकीर्द या नजरेने पाहा. मिझोरममधल्या लुंगलेईचा हा मुलगा घडला तो पुण्यात, डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत. डिसेंबर २०१५ मध्ये तिरुअनंतपुरमला सॅफ स्पर्धेत नेपाळविरुद्ध त्याने दोन गोल केले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढची काही वर्षं ईशान्य, दिल्ली, चेन्नई अशी फिरण्यात गेली. पळायचा भरपूर, पण संघाचं भवितव्य त्याच्यावर अवलंबून आहे असं कुणी म्हणत नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये तो मुंबई सिटीत आला आणि २०२२-२३ च्या मोसमात चित्रच पालटलं. आयएसएलमध्ये १० गोल, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, शिवाय महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. तोच मुलगा, तेच पाय. मग बदललं काय?

अंधेरीच्या मैदानावर ते सामने ज्यांनी पाहिले त्यांना उत्तर ठाऊक आहे. मधल्या फळीत अहमद जाहू होता. तो चेंडू घ्यायच्या आधीच एकदा मान वळवून उजवीकडे बघून घ्यायचा आणि पुढच्या क्षणाला मैदान तिरकं कापत जाणारा लांब पास छांगतेच्या पुढ्यात पडलेला असायचा. पायात नव्हे, पुढ्यात. हा फरक बारीक वाटतो, पण सगळी गंमत तिथेच आहे. पायात आलेला चेंडू थांबवावा लागतो. तो थांबवेपर्यंत समोरचा फुलबॅक सावरतो, कंबर वाकवून उभा राहतो आणि शर्यत शून्यापासून सुरू होते. पुढ्यात पडलेल्या चेंडूवर मात्र विंगर आधीच धावत असतो आणि फुलबॅकला वळून पळावं लागतं. वळून पळणारा बचावपटू आणि सरळ पळणारा छांगते, यात पैज कुणावर लावायची हे शाळेतलं पोरही सांगेल. जाहूच्या पुढे ग्रेग स्टुअर्ट होता, मधे होर्हे पेरेरा डियाझ होता, पलीकडच्या बाजूला बिपिन सिंग होता. प्रशिक्षक डेस बकिंगहॅमच्या त्या संघाने लीगमध्ये सलग १८ सामने पराभव न पाहता लीग शील्ड जिंकली. छांगतेचा वेग त्या मोसमात अचानक वाढला नव्हता, त्या वेगाला गिऱ्हाईक मिळालं होतं.

राष्ट्रीय संघात यातली किती माणसं आहेत? जाहू मोरोक्कोचा, स्टुअर्ट स्कॉटलंडचा, डियाझ अर्जेंटिनाचा. क्लबमध्ये छांगतेला चेंडू देणारे आणि त्याचा चेंडू घेणारे परदेशी, आणि भारताच्या शर्टात तोच एकटा. चाहते शनिवारी मुंबईचा छांगते बघतात आणि पुढच्या महिन्यात निळ्या शर्टात तोच बघायची अपेक्षा ठेवतात. एवढ्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही, खेळाडूलाही नाही.

आता जागेचा प्रश्न. छांगते डावखुरा, आणि खेळतो बहुतेक वेळा उजवीकडे. जुन्या चाहत्यांना हे अजून पचत नाही. त्यांच्या हिशोबाने डावखुरा डावीकडे, गोलरेषेपर्यंत पळायचं आणि क्रॉस टाकायचा. पण उजवीकडचा डावखुरा आत कट मारतो तेव्हा त्याचा जोरकस पाय गोलच्या दिशेने मोकळा होतो. आर्येन रॉबेनने याच एका चालीवर अख्खी कारकीर्द काढली. तो आत येणार हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत असायचं, तरी अडवता यायचं नाही. मोहम्मद सालाहने २०१७-१८ मध्ये लिव्हरपूलसाठी लीगमध्ये ३२ गोल केले तेही उजवीकडून आत येऊनच. फातोर्ड्यातला छांगतेचा गोल याच घराण्यातला.

पण या व्यवहारात काहीतरी द्यावंही लागतं, आणि त्याबद्दल वादात कुणी बोलत नाही. आत कट मारायला विंगरला वेग तोडावा लागतो. बाहेर त्याच्यासमोर एक माणूस आणि रिकामी पट्टी असते. आत येताच दोन मध्यरक्षक, एक स्टॉपर आणि स्वतःचेच दोन साथीदार अशी गर्दी असते. म्हणजे वेगवान माणसाला फटक्यासाठी आपला वेग गहाण टाकावा लागतो. हे परवडतं कधी, तर त्याच्या मागून उजवा फुलबॅक बाहेरच्या पट्टीतून वर धावत येत असेल तेव्हा. मग बचावपटूला कुणाकडे जायचं ते कळत नाही. फुलबॅक मागेच राहिला तर बचावपटू निर्धास्तपणे आतली वाट बंद करतो आणि विंगर चेंडू घेऊन उलटा फिरतो. स्टँडमधून तेव्हा ‘अरे मार ना!’ असा आवाज येतो, पण मारायला वाट कुठे असते?

उलट १६ नोव्हेंबर २०२३ ला कुवेतमध्ये काय झालं ते आठवा. ७५ व्या मिनिटाला छांगते डावीकडे सुटला, डाव्या पायाने क्रॉस टाकला, मनवीर सिंगने तो गोलमध्ये ढकलला आणि भारताने विश्वचषक पात्रतेचा सामना परक्या मैदानावर १-० ने जिंकला. त्या दिवशी जुन्या चाहत्यांची बाजू खरी ठरली. त्याआधी जुलैमध्ये बंगळुरूला सॅफच्या अंतिम सामन्यात, प्रतिस्पर्धी पुन्हा कुवेतच, छांगतेने गोलसमोर पोचून बरोबरी साधली होती आणि पुढे पेनल्टीवर चषक आला. तेव्हा मधे आणा म्हणणारे खूश. जून २०२४ मध्ये दोह्यात कतारविरुद्ध पहिला गोल त्याचाच, ब्रँडन फर्नांडिसच्या पासवर. तो सामना आपण १-२ ने हरलो. कतारची बरोबरी झाली ती चेंडू आधी गोलरेषेबाहेर गेलेला असताना, आणि ते सगळ्या जगाने पाहिलं. त्या रात्री मात्र विंगरच्या भूमिकेवर एक अक्षरही निघालं नाही, कारण शिव्या खायला पंच हजर होते.

या सगळ्यातून एखादा माणूस ‘उजवीकडेच’ किंवा ‘डावीकडेच’ असा निष्कर्ष काढत असेल तर त्याच्या आत्मविश्वासाला नमस्कार.

भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणून आपण ज्याच्या आठवणी काढतो, त्यातला एक मोठा नायक विंगरच होता. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पीके. ईस्टर्न रेल्वेचा हा उजवा विंगर मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून कधीच खेळला नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तेव्हा उजवीकडे पीके होते आणि मधे नेव्हिल डिसूझा. नेव्हिल मूळचा गोव्याचा, खेळला मुंबईत, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ४-२ विजयात त्याने हॅट्ट्रिक केली. १९६० ला रोममध्ये फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली तो गोल पीकेंचा. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक मिळालं त्यातला पहिला गोलही त्यांचाच. पण त्या अंतिम सामन्यातला दुसरा गोल या वादात जास्त बोलका आहे. तो जर्नेलसिंगचा होता. जर्नेल स्टॉपर, डोक्याला जखम झालेली, पट्टी बांधलेली. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला सरळ सेंटर फॉरवर्डला उभा केला. जागा बदलण्याबद्दल आज जी आरडाओरड होते ती ऐकून रहीमसाहेब हसले असते. त्यांच्या संघात विंगरने कडेने सुटायचं तर मधे चुनी गोस्वामी, तुळसीदास बलराम अशी माणसं हजर असायची. पीके मोठे होतेच, पण त्यांना कधी एकट्याने मोठं व्हावं लागलं नाही.

अलीकडच्या काळात वेग म्हटलं की पहिलं नाव यायचं उदांता सिंगचं. मणिपूरचा हा मुलगा टाटा अकादमीतून बंगळुरूत आला आणि त्याला पळताना पाहणं हा तिकिटाचे पैसे वसूल करणारा प्रकार होता. ५ सप्टेंबर २०१९ ला गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा फटका आडव्या खांबावर आपटला. थोड्या वेळाने छेत्रीने गोल केला, ८२ व्या मिनिटापर्यंत आपण पुढे होतो आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन हरलो. त्यानंतर उदांतावर जे शिक्के बसले ते पुसायला त्याला वर्षं लागली: पळतो, पण पुढे काय? शेवटचा पास नाही, नेम नाही. खांबाच्या दोन इंच खालून चेंडू गेला असता तर हेच लोक काय बोलले असते, हा विचार करण्याइतका वेळ हरलेल्या चाहत्याकडे नसतो. आता याची पुढची गोष्ट. ८ सप्टेंबर २०२५, काफा नेशन्स कपच्या तिसऱ्या क्रमांकाचा सामना, प्रतिस्पर्धी पुन्हा ओमान. ८० व्या मिनिटाला भारताची बरोबरी झाली आणि पुढे पेनल्टीवर विजय मिळाला. बरोबरीचा तो गोल उदांताचा होता, आणि तो त्याने डोक्याने केला. सहा वर्षं ज्याच्या पायांवर चर्चा झाली त्याने काम केलं ते योग्य वेळी योग्य जागी उभं राहून. पळणाऱ्याला उभं राहायला शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपण क्वचितच देतो.

आपण वेगवान पोरांचं आणखी एक करतो, ते अधिक गमतीदार आहे. त्यांना मागे नेतो. गोव्याचा मंदार राव देसाई डेम्पो आणि एफसी गोवाचा डावा विंगर होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराने त्याला लेफ्ट बॅक केला, आणि २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने लीग शील्ड आणि चषक दोन्ही उचलले तेव्हा तो त्याच जागी खेळत होता. मुंबईचा निखिल पुजारी उजव्या विंगवर वाढला. हैदराबादला मानोलो मार्केझने त्याचा राइट बॅक केला आणि तो तिथूनच भारताच्या संघात परतला. आशिक कुरुनियनलाही अधूनमधून डाव्या बॅकला ढकललं गेलं. यात वाईट काहीच नाही, मंदारचं तर सोनं झालं. फुलबॅक मागून धावत येतो, त्यामुळे त्याला पुढे मोकळी पट्टी मिळते, विंगरपेक्षा जास्तच. पण चांगला विंगर मागे गेला की पुढे एक जागा रिकामी होते, आणि राष्ट्रीय संघासाठी तिथे कोण उरतं हा हिशोब क्लबचा प्रशिक्षक कशाला करेल? त्याला रविवारचा सामना जिंकायचा असतो.

मूळ दुखणं आहे ते मधल्या जागेचं, नऊ नंबरचं. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालायचे, मग पाच झाले, २०२१-२२ पासून चार. संख्या घटली तरी त्यातला एक जण बहुतेक संघात स्ट्रायकरच असतो. क्लबच्या दृष्टीने त्यात चूक नाही. गोल विकत घेता येतात तेवढे घ्यावेत. परिणाम असा की गोल करायचं अंग असलेल्या भारतीय पोराला जागा मिळते ती विंगवर. मनवीर सिंग हे ठळक उदाहरण: भारतासाठी स्ट्रायकर, मोहन बागानसाठी उजवा विंगर. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आघाडीवर खेळला, क्लबांमध्ये त्याची ओळख झाली विंगर म्हणून. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि दिलबहारचा सामना पाहायला जी गर्दी लोटते, तिला विचारा. तालमीच्या संघात कोण मधे आणि कोण कडेला यावर तिथे दोन पिढ्या भांडतात. त्याच गावातून वर गेलेल्या पोराची जागा मात्र वर ठरते, आणि ती ठरवताना तो कशात चांगला आहे यापेक्षा कुठली खुर्ची रिकामी आहे हे बघितलं जातं.

सुनील छेत्री ९५ आंतरराष्ट्रीय गोलांपर्यंत पोचला. जून २०२४ मध्ये तो निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं. म्हणून ‘छांगतेला स्ट्रायकर करा’ हे म्हणणं मूर्खपणाचं नाही, ते अगतिकतेचं आहे. पण पाठ गोलकडे करून, अंगावर स्टॉपर घेऊन चेंडू धरून ठेवणं ही वेगळी विद्या आहे. छांगते ती करू लागला तर भारताला एक साधारण स्ट्रायकर मिळेल आणि एक उत्तम विंगर जाईल. तो मधे यावा तो तिरक्या धावेने, दुसऱ्या कुणीतरी स्टॉपरला गुंतवून ठेवलं असताना. ते दुसरं कुणीतरी आपल्याकडे नाही, म्हणून तर हा सगळा वाद.

हा वाद इंग्लंडने दहा-बारा वर्षं एका माणसावर घातला. थिओ वॉलकॉट. ८ एप्रिल २००८, चॅम्पियन्स लीगचा उपांत्यपूर्व सामना, लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड. आर्सेनलकडून बदली म्हणून आलेला एकोणीस वर्षांचा वॉलकॉट स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन सुटला, लाल शर्ट एकामागून एक मागे टाकत थेट डीमध्ये पोचला आणि अदेबायोरला गोल ताटात वाढून दिला. आर्सेनल २-२, परक्या मैदानावरच्या गोलांच्या नियमाने पुढे. दोनच मिनिटांत लिव्हरपूलला पेनल्टी, जेरार्डचा गोल, शेवटी बाबेलचा गोल, ४-२, खेळ खलास. ती धाव आणि तो पराभव एकत्रच आठवतात. पुढे वॉलकॉट विंगर की स्ट्रायकर यावर चाहते भांडले, पंडित भांडले, क्रिस वॉडलने तर त्याला फुटबॉलची अक्कलच नाही असं म्हटलं. २०१२-१३ मध्ये करार अडून बसला तेव्हा मधे खेळवण्याची मागणी खुद्द त्याची होती. २०१५ च्या एफए कप अंतिम सामन्यात तो स्ट्रायकर म्हणून उतरला आणि पहिला गोल त्यानेच केला. दोन वर्षांनी क्रिस्टल पॅलेसने आर्सेनलला ३-० ने धुतलं त्या रात्री तोच कर्णधार होता आणि चाहते आपल्याच संघाची हुर्यो उडवत होते. आर्सेनलसाठी ३९७ सामने, १०८ गोल. वाद मिटला का? नाही. तो क्लब सोडून गेला तेव्हा वादही त्याच्याबरोबर गेला, एवढंच.

इंग्लंडच्याच इतिहासात उलटं टोकही आहे. १९६६ च्या विश्वचषकात आल्फ रॅमसेने गटातल्या तीन सामन्यांत तीन वेगवेगळे विंगर वापरून पाहिले, कॉनेली, पेन, कॅलाहान, आणि बाद फेरीत विंगरच काढून टाकले. चषक जिंकला. त्यानंतर कित्येक वर्षं इंग्रज मंडळी विंगरला चैनीची वस्तू मानत राहिली. एका विजयातून काढलेला धडा एका पराभवातून काढलेल्या धड्याइतकाच कच्चा असतो, पण विजयाला कोण प्रश्न विचारतो?

राहिला मागे पळण्याचा मुद्दा आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा. हे दोन्ही एकाच हिशोबाचे भाग आहेत. सिंगापूरविरुद्ध भारताच्या प्रशिक्षकपदी असलेल्या खालिद जमील यांचे संघ आधी भिंत बांधतात आणि मग काउंटरवर जातात. मुंबई एफसीपासूनची त्यांची ही रीत, आणि २०१६-१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली ती याच रीतीने. अशा संघात विंगर म्हणजे चेंडू नसताना दुसरा फुलबॅक. सत्तर मीटर मागे, मग चेंडू मिळताच सत्तर मीटर पुढे. पंचविशी ओलांडलेल्या माणसाच्या पायात असे किती फेरे असतात? सुरुवातीपासून खेळवायचं, मागेही पळवायचं आणि वर शेवटच्या दहा मिनिटांत धारदार राहावं अशी अपेक्षा ठेवायची, हे गणित जमत नाही. यातलं एक सोडावं लागतं. मी म्हणेन मागचं पळणं थोडं कमी करा आणि त्या बाजूला कष्टाळू मध्यरक्षक द्या. जमील असं करतील असं वाटत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर नोकरीच्या भीतीने बहुधा मीही केलं नसतं.

दमलेल्या बचावासमोर वेग काय करतो याचा पुरावा फातोर्ड्यावरच आहे. २४ एप्रिल २०२४, आयएसएलचा उपांत्य सामना. नव्वदाव्या मिनिटापर्यंत एफसी गोवा २-० ने पुढे. मग छांगतेचा गोल, लगेच विक्रम प्रतापचा, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगतेचा. मुंबई ३-२. गोव्याच्या खुर्चीत तेव्हा मानोलो मार्केझ होते, आणि तीन महिन्यांत भारताची धुरा त्यांच्याकडेच आली. छांगते काय करू शकतो हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. तरी त्यांच्या कारकिर्दीत भारताने आठ सामन्यांत एकच जिंकला, तोही मैत्रीपूर्ण, मालदीवविरुद्ध. शिलाँगला बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर हार. हाँगकाँगच्या त्या सामन्यात आशिकने समोर आलेली संधी बाहेर मारली तेव्हा विंगर लोकांवर पुन्हा एकदा टीकेचा पाऊस पडला होता. शेवटच्या घटकेला उडी घेणारा छांगते गोव्याविरुद्धच्या त्या उपांत्य सामन्यात पूर्ण वेळ मैदानावर असल्याने ‘साठाव्या मिनिटानंतर आणा’ या मताला त्याचा आधार घेता येत नाही. दमले होते ते गोव्याचे बचावपटू, आणि २-० राखायला मागे सरकताना त्यांच्यातली अंतरं वाढली होती. गवत मोकळं झालं, पास देणारे मधे होते, डीमध्ये विक्रम होता.

फातोर्ड्यातल्या पराभवानंतर पाच आठवड्यांनी, १८ नोव्हेंबरला, ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० ने हरवलं. पात्रतेचा निकाल आधीच लागला होता, त्यामुळे इकडे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तो एकमेव गोल अकराव्या मिनिटाचा. आपण वर चढलेलो असताना राकिब हुसेन डाव्या बगलेने वाऱ्यासारखा सुटला, आपला फुलबॅक मागे पडला. राकिबने थांबून कट मारला नाही, दोनदा विचारही केला नाही. चेंडू आत दिला, कारण शेख मोर्सालिन त्याच्याच वेगाने मधून धावत येऊन तिथे पोचला होता.